नको कोण म्हणालं

पेटीवाला दोन जिने चढून दारात आला, तेव्हा आत पंखा बंद होता, पलंगावर निजवलेल्या माणसाच्या डोक्याखाली दोन उशा होत्या आणि मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवलेले होते. सगळं जसं हवं तसं. पण दार उघडणाऱ्या बाईने चौकटीत हात आडवा धरला आणि ती म्हणाली, "नको. परत जा."

पेटीवाल्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. कारण मघाशी फोन करून त्याला बोलावलं होतं ते हिनेच. पत्ता सांगितला होता, बेल वाजवायला लागू नये म्हणून दार लोटूनच ठेवते असंही म्हणाली होती. दार मात्र आतून लावलेलं होतं.

"ताई?"

"नको म्हटलं ना."

तिच्या खांद्यावरून त्याने आत पाहिलं. तिचा मुलगा वडिलांच्या पायाशी बसला होता. पेटीवाल्याने हे नोकरीत शंभरदा पाहिलं होतं. घरातला एक जण बोलावतो, दुसरा मोडता घालतो. आवाज उतरवून त्याने विचारलं, "घरचे नको म्हणतायत का?"

तिने मान हलवली. होय अशी.

 पायातले जोडे त्याने काढलेही नव्हते. बर्फाची पेटी या हातातून त्या हातात घेऊन तो जिना उतरला.

रुग्णालयात तिला सगळे डोळेताई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते पगाराच्या दिवशीच काय ते कामाला यायचं. तिथल्या नेत्रपेढीत ती समुपदेशक होती. म्हणजे एखाद्या वॉर्डात माणूस गेला की तिला फोन यायचा आणि तिने जाऊन नातेवाइकांना विचारायचं, डोळे द्याल का. मग पेटीवाला, म्हणजे पेढीचा तंत्रज्ञ, पेटी घेऊन मागोमाग येई. दोघांची जोडी जुनी होती. वॉर्डातले लोक आपसांत म्हणत, डोळेताई जिना चढताना दिसल्या की समजावं, वर कुणाचे तरी मिटले. हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्याचं हसूच यायचं.

काम अवघड होतं आणि तिला ते येत होतं. रडणाऱ्या माणसाशी आधी बोलायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. 'बॉडी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, 'हे' म्हणायचं, 'त्या' म्हणायचं. 'डोळे काढतात' म्हणायचं नाही, 'घेतात' म्हणायचं. चेहरा वाईट दिसेल का, चष्मा होता, तरी चालेल का, मोतीबिंदू झालेला, त्याचं काय, या सगळ्यांना तिच्याकडे शांत, खरी उत्तरं होती. ती नुसती तोंडपाठ नव्हती. पट्टी सोडल्यावर स्वतःच्याच हाताची नखं निरखत बसलेली एक मुलगी तिने नोकरीच्या सुरुवातीला पाहिली होती. तेव्हापासून आपण करतो ते बरोबर की चूक, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करणारा. बोलण्यात मिश्कील. नेत्रदानाचा संकल्प त्याने तिच्या शेजारी उभं राहून केला होता आणि चार माणसांत सांगायचा, "माझ्या डोळ्यांना गिऱ्हाईक घरातच आहे. मी नुसता राखणदार." हसायचे सगळे. तीही हसायची.

त्या दुपारी तो जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. चहा घेऊन ती गेली, हाक मारली, मग मनगट हातात घेतलं. तिला कळलं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तिने बोलावलं, मुलाला फोन केला आणि लगेच तिसरा फोन पेढीला. पंखा बंद केला. उशी सरकवली, दुसरी आणून तिच्यावर ठेवली. कापूस भिजवून पिळला. हे सगळं करताना आपला हात जराही थरथरत नाही, याचं तिला त्याही वेळी नवल वाटलं होतं. मग मुलगा आला. मग बेल वाजली. ती उठली, टेबलाला वळसा घालून दारापाशी गेली, आणि 'नको' म्हणाली.

त्या उठण्या-चालण्यात काय झालं, ते तिला पुढे कितीदा आठवूनही सापडलं नाही.

*

लोक भेटायला येत होते. तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण, जिला तिनेच संकल्प करायला लावला होता, तिने सहज विचारलं. डोळेताई म्हणाली, फार उशीर झाला होता, वेळ निघून गेली होती. नणंदेने विचारलं, तेव्हा म्हणाली, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं ना, तसे डोळे चालत नाहीत. बोलून झाल्यावर तिची तीच दचकली. मोतीबिंदू झालेले डोळे चालतात, हे वॉर्डावॉर्डांतून ती किती जणांना सांगत आली होती. नणंदेने मान डोलावली आणि विषय बदलला.

रजा संपवून कामावर गेली तर तिथे उत्तर आधीच जाऊन बसलेलं होतं. पेटीवाल्याने सांगितलं होतं, घरच्यांनी नको म्हटलं. आता घरचे म्हणजे कोण? ती आणि मुलगा. तिने बोलावलं होतं, म्हणजे उरला मुलगा. कुणी वाईट मनाने हे जुळवलं नव्हतं, हिशेबच तसा येत होता. मेट्रन तिचा हात धरून म्हणाल्या, "पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही बघा. आपण जगाला सांगायचं, आणि पोटची पोरं..." डोळेताईने खाली पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. एकच वाक्य लागलं असतं. ते तिने उद्यावर टाकलं.

त्याच आठवड्यात विणकराचा फोन आला. नव्या बुबुळासाठी नाव लावून बसलेला पन्नाशीचा माणूस. दर आठवड्याला फोन करून विचारायचा, "ताई, आलं का काही?" या वेळी त्याने ते विचारलंच नाही. म्हणाला, "तुमच्या घरचं कळलं. फार वाईट झालं. जेवत जा वेळेवर." ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना. मग तिच्या मनात आलं, मुलाने तेव्हा जरा मन मोठं केलं असतं तर.

हा विचार मनात येताना तिला काही वावगंही वाटलं नाही. हळूहळू तर तिला दिसायलाच लागलं : मुलगा पलंगाच्या पायथ्याशी बसलाय, ती विचारतेय, आणि तो वर न बघता मान हलवतोय. नाही अशी. त्याच्या शर्टाच्या मानेपाशी आलेला घामसुद्धा तिला दिसायचा. मग ती त्याच्यावर थोडी रुसायची. तो आठवड्याच्या सुट्टीला यायचा, छापखान्यात काय चाललंय ते सांगायचा, बंद पडलेला दिवा बदलून द्यायचा. ती त्याला हवं नको बघायची, पण बोलायची तुटक. त्याला वाटायचं, बाबा गेलेत, चालायचंच.

कामातही तिच्यात फरक पडला होता. आधीपेक्षा ती जास्त बोलायला लागली. नाही म्हणणाऱ्या माणसांना पूर्वी ती एकदा विचारून सोडून द्यायची. आता पुन्हा जायची, तिसऱ्यांदा जायची. एका तरुणाला ती म्हणाली, "आज नाही म्हणाल आणि जन्मभर ते मनाला खात राहील." त्याने हो म्हटलं, पण तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जिना उतरताना पेटीवाला म्हणाला, "ताई, जरा जास्त झालं." ती म्हणाली, दोन माणसांना दिसणार आहे, त्यापुढे हे काय. पेटीवाला पुढे उतरत गेला. एवढं मोठं दुःख झालेल्या बाईला काय बोलायचं?

*

एका दुपारी मुलगा तिला न्यायला रुग्णालयात आला. ती वरच्या वॉर्डात होती. खाली पेढीच्या दारात त्याला पेटीवाला भेटला. दोघांचं काय बोलणं झालं ते तिला तेव्हा कळलं नाही.  घरी आल्यावर ती भाजी चिरायला बसली. मुलगा समोर खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई, मी नको म्हटलं होतं का?"

तिचा हात थांबला नाही. "कशाला?"

"बाबांच्या डोळ्यांना. तुमच्या त्या पेटीवाल्या काकांनी मला आज ऐकवलं. म्हणाले, आईने आयुष्यभर जे कमावलं ते तू एका शब्दात घालवलंस."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

ती म्हणाली, "तू मान हलवलीस."

"कधी?"

"मी विचारलं तेव्हा. त्यांच्या पायाशी बसला होतास. वरसुद्धा बघितलं नाहीस."

"तू विचारलंच नाहीस, आई." तो रागावलेला नव्हता. उलट एखादी अडकलेली वस्तू हळूच सोडवावी तसा बोलत होता. "बेल वाजली तेव्हा मी विचारलं, आत बोलावू का त्यांना. तू काही बोलली नाहीस, उठून गेलीस. मला वाटलं, त्यांना घेऊनच येशील. मग दार लावल्याचा आवाज आला."

ती चिरलेल्या भाजीकडे बघत राहिली. तो सांगत होता ते खोटं नव्हतं, आणि तिला दिसत होतं तेही तिला स्वच्छ दिसत होतं, त्याच्या मानेवरच्या घामासकट. यातलं एक पुसायला हवं होतं. तिने मनातल्या मनात करून पाहिलं, पण पुसलं जाईना.

"मग तू त्यांना सांगितलं का नाहीस? काका, नको मी म्हटलं नव्हतं, आईने म्हटलं. तोंड शिवलं होतं का?"

मुलगा खुर्चीच्या हाताला अंगठ्याने घासत बसला. मग म्हणाला, "सांगणार होतो. पण तू दार लावलंस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आत्तापर्यंत कुणाला बोललो नाही. तू एवढी वर्षं लोकांना सांगतेस, मी मित्रांना अभिमानाने सांगतो, माझी आई हे काम करते. आणि तरी बरं वाटलं. म्हणून काका बोलायला लागले तेव्हा मनात आलं, न जाणो, मी बोललोही असेन. नसेन बोललो, तर हललो असेन. आता मलाच खात्री देता येत नाही."

 त्याला जवळ घ्यावं असं तिला वाटलं, आणि तू माझ्या डोक्यातला गोंधळ वाढवलास असंही वाटलं. तिने भाजी धुवायला घेतली, मग लक्षात आलं की आपण ती चिरायच्या आधीच धुतली होती. मुलगा जेवून गेला. जाताना दारात म्हणाला, "मी त्यांना काही सांगणार नाही. तुला हवं ते सांग." तो समजूतदारपणाने म्हणाला होता, पण तिला ती शिक्षा वाटली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांच्या वॉर्डातून फोन आला. कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवणारा एक माणूस पहाटे गेला होता. त्याच्या धाकट्या भावाने आपणहून सिस्टरना सांगितलं होतं, दादाचे डोळे द्यायचेत. डोळेताई वर गेली तेव्हा भाऊ पुढे होऊन म्हणाला की सगळं ठरलंय, फक्त वहिनीने हो म्हणायचं बाकी आहे, तुम्ही जरा समजवा.

वहिनी पडद्याच्या आत, खाटेशेजारच्या बाकड्यावर बसली होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. मांडीवर नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी, तिच्यातून एक बूट बाहेर डोकावत होता. डोळेताई तिच्या शेजारी बसली.  मग तिने नेहमीचं सांगायला सुरुवात केली, पण आज हळू. चेहरा जसा आहे तसाच राहतो. फार वेळ लागत नाही. दोन माणसं आहेत, वाट बघतायत, त्यातला एक विणकर आहे, त्याला धागा दिसत नाही.

बाई सगळं ऐकत होती. मध्ये तिने विचारलं, "तुमचे मिस्टर आहेत?"

"गेले. यंदाच."

"त्यांचे दिले?"

हा प्रश्न कामावर परत आल्यापासून एक-दोनदा आला होता. तेव्हा ती म्हणाली होती, घरात अडचण आली. तेच आत्ताही तोंडात आलं होतं. पडदा सरकवून पेटीवाला आत येऊन उभा राहिला होता, हातात पेटी घेऊन.

"नाही दिले," ती म्हणाली. "त्यांची इच्छा होती. मुलगाही नको म्हणाला नव्हता. मीच माणूस बोलावला आणि मीच दारातून परत पाठवला."

पेटीवाल्याने पेटी खाली ठेवली.

"का?" बाईने विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माहीत नाही."

"आता वाईट वाटतं?"

"वाटतं. आणि पेटी पुन्हा दारात आली तर मी काय म्हणेन, तेही सांगता येत नाही."

"मग मला कशाला द्या म्हणता?"

"कारण ते द्यायला हवेत," डोळेताई म्हणाली. "मी सांगितलं त्यातलं काही खोटं नाही. विणकर आहे, तो रोज वाट बघतो. हे खरं आहे. मी नाही म्हटलं तेही खरंच आहे. दोन्ही मिळून काय होतं, ते मला नाही कळत, बाई."

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून डोकावणारा बूट आत सारला आणि म्हणाली, "मग मीही नकोच म्हणते." तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता. रात्रभर कुणीतरी परवानगी द्यायची ती राहिली होती आणि आत्ता मिळाली, असा.

दीर पुढे आला. वहिनी, दादा किती वेळा म्हणाला होता, असं त्याने सुरू केलं. मग डोळेताईकडे वळून म्हणाला, "तुम्ही समजवायला आला होता की मोडायला?" त्याचं बरोबर होतं.  विणकराचा फोन येईल, 'आलं का काही' विचारेल, आणि यायचं होतं ते आज आपल्या एका वाक्याने गेलं. तिला वाटलं, अजून वेळ आहे. हिचा हात धरावा, म्हणावं, माझं ऐकू नका, मी चुकले, तुम्ही चुकू नका. तेवढं आपल्याला येतं. हो म्हणेल ती. तिने तोंड उघडलंही.

"त्या नको म्हणाल्यात," ती दिराला म्हणाली. "त्यांनाच विचारायचं असतं."

तो पाय आपटत कागदांच्या खिडकीकडे निघून गेला. पेटीवाल्याने पेटी उचलली. पडद्यापाशी डोळेताई त्याच्याबरोबर दोन पावलं गेली. तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, हे तुम्ही तिथे सांगायला नको होतं."

"हो."

"आणि मी तुमच्या मुलाला उगाच बोललो. त्यानेही ऐकून घेतलं." तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "मला त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी काय म्हणणार होतो?"

 ती म्हणाली, "त्याला भेटशील तेव्हा सांग. मीही सांगते." तो मान डोलावून गेला. बराच वेळ त्याच्या जोड्यांचा आवाज येत राहिला. आज तो जिना सावकाश उतरत होता.

तीही निघणार होती, पण आतून बाई म्हणाली, "तुम्हाला घाई नसेल तर बसा. भाऊजी येईपर्यंत." ती परत जाऊन बाकड्यावर बसली. बाई म्हणाली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, उभीच होते. मग तिने नवऱ्याविषयी एकच गोष्ट सांगितली. गावभराची कुलपं उघडायचा, पण घरची किल्ली विसरून आला की दारात बसून राहायचा, मी बाजारातून येईपर्यंत. सांगता सांगता तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मान कलली आणि तिचं डोकं डोळेताईच्या खांद्यावर आलं. बाईला झोप लागली होती.

वॉर्डात औषधांची गाडी फिरत होती. पलीकडे कुणीतरी पाणी मागत होतं. डोळेताई ताठ बसून राहिली. तिचा खांदा अवघडला, मग दुखायला लागला, पण ती हलली नाही. थोड्या वेळाने तिच्या पर्समधला फोन थरथरला. खालच्या वॉर्डाचा नंबर असणार. या वेळी आणखी कशासाठी येणार? दुसऱ्या हाताने तिने चाचपडत तो काढला, कानाला लावला, पलीकडचं ऐकलं.

"येते," ती अगदी हळू म्हणाली. "पण थोडा वेळ लागेल. इथे कुणीतरी झोपलंय."

पलीकडून काय विचारलं ते तिने नीट ऐकलंही नाही. फोन मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.